बर्फ गेला, बांगडा आला

[दृश्य: स्वालबार्डचा किनारा. करडं पाणी, मागे हिमनदीची उभी भिंत, पाण्यावर घिरट्या घालणारे पांढरे पक्षी.]

निवेदन:

२०१३ साली स्वालबार्डमध्ये, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेकडच्या ध्रुवीय बेटांवर, बांगडा सापडला. मालवण-रत्नागिरीच्या टोपलीत असतो तो नव्हे, त्याचा अटलांटिकमधला भाऊबंद. पण कूळ तेच. तो सापडला ती इस्फ्योर्डन ही खाडी ७८ अंश उत्तरेला आहे, आणि तिथून उत्तर ध्रुव साधारण तेराशे किलोमीटर. इतक्या उत्तरेला या माशाची त्याआधी कधी नोंद झाली नव्हती.

नवा मासा आला म्हणजे समुद्राचं भलंच झालं की! कोकणातल्या माणसाच्या मनात आधी हेच येईल. आणि तो अगदीच चुकत नाही. ध्रुवावरचा बर्फ वितळला की तिथला समुद्र ओसाड होतो, असं आपण धरून चालतो. स्वालबार्डच्या पाण्यात मात्र हालचाल भरपूर आहे. तिथे कोण राहतं आणि कोण काय खातं, ते बदललंय. हा बदल नीट पाहायचा तर आणखी थोडं उत्तरेला जायला हवं.

[दृश्य: न्यू ऑलेसुंद. रंगीत लाकडी घरं, खाणीच्या काळातलं छोटं रेल्वे इंजिन.]

हे न्यू ऑलेसुंद. काँग्सफ्योर्डनच्या काठावरचं गाव. फ्योर्ड म्हणजे हिमनदीनं डोंगर कोरून केलेली आणि नंतर समुद्रानं भरलेली खोल खाडी. इथे कोळशाची खाण होती. १९६२ च्या अपघातात २१ कामगार गेले, पुढच्या वर्षी खाण बंद पडली आणि गाव हळूहळू शास्त्रज्ञांचं झालं. आज इथे कितीतरी देशांची केंद्रं आहेत. त्यांतलं एक आपलं, 'हिमाद्री', २००८ पासूनचं. त्याचा कारभार चालतो गोव्यातून, वास्कोच्या हेडलँड सड्यावरच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून. जुलै २०१४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी या फ्योर्डमध्ये १९२ मीटर खोल पाण्यात उपकरणांची एक माळ नांगरून ठेवली. तिचं नाव 'इंडआर्क'. वर उन्हाळा असो नाहीतर चार महिन्यांची रात्र, पाण्याचं तापमान, क्षारता आणि प्रवाह यांची नोंद ती करत राहते.

आता बर्फाकडे वळू. तोही वरून नको, खालून पाहू.

[दृश्य: बर्फाखालचं चित्रण. तपकिरी-सोनेरी छत, त्यातून झिरपणारा मंद उजेड.]

समुद्राचं पाणी उणे १.८ अंशांच्या आसपास गोठतं. गोठताना ते मीठ बाहेर टाकतं, पण सगळं नाही. बर्फाच्या पोटात केसासारख्या बारीक नळ्या राहतात आणि त्यांत कडक खारं पाणी अडकून बसतं. त्या नळ्यांत आणि बर्फाच्या खालच्या अंगाला शैवाल धरतं. त्यात डायटम, म्हणजे एकपेशीय शैवाल, जास्त. म्हणून पाणबुडे खालून कॅमेरा लावतात तेव्हा बर्फ पांढरा दिसत नाही, तपकिरी दिसतो. वर हिमाचा थर, खाली गोठलेलं पाणी, त्यातून येणारा उजेड नावापुरता. तेवढ्यावर हे शैवाल भागवतं. मोकळ्या पाण्यात अजून काहीच उगवलेलं नसतं तेव्हा, वसंताच्या तोंडावर, वर्षाचं पहिलं पीक इथे तयार होतं.

या पिकाची वाट पाहत असतो कॅलॅनस ग्लेसिॲलिस. तीन-चार मिलिमीटरचा कोपेपॉड, झिंग्याच्या लांबच्या गोतातला. ध्रुवीय समुद्राची गोष्ट सांगताना सगळे कॅमेरे पांढऱ्या अस्वलावर लागतात. माझ्या मते नायक हा आहे. त्याचं वेळापत्रक बघा. मादी बर्फाखालचं शैवाल खाते आणि त्या बळावर अंडी घालते. पिल्लं बाहेर येऊन खाण्याजोगी होईपर्यंत काही आठवडे जातात. तोवर बर्फ फुटलेला असतो, मोकळ्या पाण्यात ऊन शिरलेलं असतं आणि शैवालाचा दुसरा, मोठा बहर सुरू झालेला असतो. पहिलं पीक आईचं, दुसरं पिल्लांचं. उन्हाळाभर खाऊन हा जीव अंगात इतकी चरबी साठवतो की त्याच्या कोरड्या वजनात निम्म्याहून जास्त वाटा तिचाच असतो. मग तो खोल पाण्यात उतरतो आणि हिवाळा काढतो.

बर्फ लवकर फुटला, तर दुसरा बहर लवकर येतो. पिल्लं तेव्हा इतकी लहान असतात की त्यांना तोंडच लावता येत नाही. ती मोठी होतात तेव्हा बहर ओसरलेला असतो. कोणी कोणाला मारलेलं नसतं, नुसती वेळ चुकलेली असते.

त्याच वेळी दक्षिणेकडून, उबदार पाण्याबरोबर, त्याचा एक नातलग येऊन पोचतो. कॅलॅनस फिनमार्किकस. हा अटलांटिकचा. अंगानं लहान, आणि चरबी त्याच्यात फारच कमी. पाणी गाळून जीव मोजले तर आकडा पूर्वीएवढाच भरेल, कदाचित वाढलेलाही दिसेल. पण ताटातली तूप लावलेली भाकरी उचलून तिथे कोरडी ठेवावी, तसला हा बदल आहे.

[दृश्य: दगडांच्या उतरणीवर हजारो लिटल ऑक. काळं डोकं, पांढरं पोट. एकाच्या गळ्याखाली फुगलेली पिशवी.]

आणि ही कोरडी भाकरी आधी कळते ती याला. लिटल ऑक, वजन जेमतेम दीडशे ग्रॅम. पंख आखूड, त्यामुळे उडायला भरपूर शक्ती लागते. पूर्व ग्रीनलंडमधल्या एका अभ्यासात हिशेब निघाला की या पक्ष्याला दिवसाला सुमारे ६० हजार कोपेपॉड लागतात. प्रत्येक एवढासा, आणि तो बुडी मारून पाण्यात पकडायचा. पिल्लासाठी गळ्याखालच्या पिशवीत भरून आणायचे ते वेगळेच. वर्षाला अंडं एकच.

स्वालबार्डमध्ये हे आईबाप दोन तऱ्हेच्या फेऱ्या करतात. जवळच्या, लहान फेऱ्या पिल्लाला भरवण्यासाठी. मधूनच एक लांबची फेरी, थंड पाण्यापर्यंत किंवा बर्फाच्या कडेपर्यंत, तिथला चरबीदार कॅलॅनस खाऊन स्वतःचं अंग भरून काढण्यासाठी. बर्फाची कड जितकी मागे सरकते, तितकी ही फेरी लांबते.

किटिवेकचं उलट आहे. हा कुरवांपैकी, मासे खाणारा. काँग्सफ्योर्डनमधल्या किटिवेकच्या पोटातलं अन्न शास्त्रज्ञ १९८० च्या दशकापासून तपासत आले आहेत. पूर्वी त्यात ध्रुवीय कॉड असायचा. या माशाच्या रक्तात गोठण रोखणारी प्रथिनं असतात, त्याची अंडी बर्फाखाली तरंगतात आणि त्याची पोरं बर्फाच्या फटींत लपतात. २००७ च्या सुमारास हे अन्न पालटलं आणि कॅपेलिन, हेरिंग हे दक्षिणेकडचे मासे पुढे आले. किटिवेकनं ते स्वीकारलं. तो निवडखोर नाही, ही त्याची जमेची बाजू.

[दृश्य: नकाशा. अटलांटिकमधून वर येणारा तांबडा प्रवाह, स्पिट्सबर्गनच्या पश्चिम कडेनं उत्तरेला जाणारा.]

हे पाणी आलं कुठून? गल्फ स्ट्रीमचा एक फाटा नॉर्वेच्या किनाऱ्यानं वर येतो आणि स्पिट्सबर्गनच्या, म्हणजे स्वालबार्डच्या सर्वांत मोठ्या बेटाच्या, पश्चिमेला, समुद्रबूड जमिनीच्या उतारावरून उत्तरेकडे जातो. बऱ्याच फ्योर्डांच्या तोंडाशी पाण्याखाली उंबरठा असतो, तो असं पाणी अडवतो. काँग्सफ्योर्डनला तसा उंबरठा नाही. २००५-०६ च्या हिवाळ्यात वारे असे वाहिले की वरचं थंड पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं गेलं, खालचं उबदार पाणी वर आलं आणि ऐन हिवाळ्यात फ्योर्डमध्ये घुसलं. त्यानंतर इथे किनाऱ्याला धरून राहणारा घट्ट बर्फ पूर्वीसारखा क्वचितच झाला. उपग्रहांची मोजणी १९७९ पासूनची आहे. त्या सुरुवातीच्या वर्षांत उत्तर ध्रुवीय समुद्रावर सप्टेंबरमध्ये सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर बर्फ उरायचा. सप्टेंबर २०१२ मध्ये तो ३४ लाखांवर आला. काँग्सफ्योर्डन त्या मोठ्या आकड्याचा एक छोटा कोपरा. फक्त इथे दुर्बीण न लावताही दिसतं.

घट्ट बर्फ गेल्याचा फटका रिंग्ड सीलला बसतो. तिला बर्फ हवा आणि बर्फावर हिमाचा जाड थरही हवा, कारण त्या हिमात पोकळी करून ती वसंतात पिल्लू घालते. खाली श्वास घ्यायचं भोक असतं. ते ती पुढच्या पायांच्या नखांनी खरवडून उघडं ठेवते. बर्फ उशिरा धरला तर त्यावर हिम साचायला वेळच मिळत नाही. मग पांढऱ्या लोकरीचं पिल्लू उघड्यावर पडतं. अस्वल आहे, कोल्हा आहे, मोठे कुरव आहेत. पिल्लाला पळता येत नाही, आणि लोकर भिजली की थंडीही लागते.

[दृश्य: पाण्याखालच्या एकाच खडकाची छायाचित्रं, सालावार. शेवटी खडक दिसेनासा होतो.]

काही नॉर्वेजियन शास्त्रज्ञांनी १९८० पासून एक काम चिकाटीनं केलं. काँग्सफ्योर्डनमध्ये सुमारे १५ मीटर खोलीवरच्या त्याच खडकाचं छायाचित्र वर्षानुवर्षं काढत राहायचं. आधीच्या चित्रांत खडकाला चिकटलेलं गुलाबी चुनेदार शैवाल आहे, समुद्रफुलं आहेत. मग १९९५ च्या सुमारास तपकिरी शैवालाचं आच्छादन एकदम पाचपट झालं. हळूहळू नव्हे, उडी मारून. पाणी थोडं तापत होतं, उजेडाचे दिवस थोडे वाढत होते, वर्षानुवर्षं काही दिसलं नाही आणि मग सगळं एका झटक्यात दिसलं. अशा कामाला पैसे मिळवणं कठीण असतं. पंधरा वर्षं त्याच दगडाचे फोटो कशाला, असं कोणीतरी विचारतंच.

उथळ पाण्यात केल्पचं, म्हणजे मोठ्या तपकिरी शैवालाचं, रानही दाट झालं आहे. खोलवर मात्र ते विरळ होत गेलं, कारण पाणी गढूळ झालंय. तो गाळ येतो हिमनद्यांतून.

[दृश्य: क्रोनेब्रेन हिमनदीचं टोक. पायथ्याशी तपकिरी पाण्याचा पट्टा, त्यावर पक्ष्यांची झुंबड.]

आतापर्यंत बोललो तो समुद्राचाच गोठलेला बर्फ. तो तरंगतच असतो, त्यामुळे तो वितळल्यानं समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही. हिमनदीचा बर्फ जमिनीवरचा, तो समुद्रात भर घालतो. आणि काँग्सफ्योर्डनच्या हिमनद्या झपाट्यानं मागे हटताहेत. ब्लोमस्ट्रँड हिमनदीसमोरचा भूभाग नकाशांवर द्वीपकल्प म्हणून होता. १९९० च्या दशकात बर्फ मागे गेला तेव्हा कळलं की ते बेट आहे.

पण हिमनदीच्या तोंडाशी पाहा, मेजवानी चालू आहे. वितळलेलं पाणी हिमनदीच्या बुडातून, समुद्राच्या तळाजवळ बाहेर पडतं. गोडं पाणी हलकं, म्हणून ते उसळून वर येतं आणि येताना खोलातलं खारं पाणी, पोषक द्रव्यं, प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, लहान झिंगे सगळं ओढून आणतं. गोड्या पाण्याच्या धक्क्यानं ते जीव अर्धमेले होतात. किटिवेक वरच्यावर टिपतात, सील खाली थांबतात. म्हणजे वितळणं वाढलं तशी ही पंगतही वाढली. एवढं पाहून कोणी म्हणेल, बघा, फायदाच झाला.

हा पंप चालतो तो हिमनदीचं टोक समुद्रात बुडालेलं आहे तोवरच. ते मागे हटून जमिनीवर चढलं, की तेच पाणी साध्या ओढ्यासारखं वरून येऊन मिसळतं. खालून काही उसळत नाही. गाळ तेवढा पसरतो आणि उजेड अडवतो. न्यू ऑलेसुंदच्या मागच्या लोव्हेन हिमनद्या अशाच जमिनीवर संपतात. त्यांच्या ओढ्यांच्या तोंडाशी अशी झुंबड होत नाही.

[दृश्य: बेटावर आयडर बदकांची घरटी. अस्वल चालत येतं, बदकं उडतात.]

अस्वलाला टाळून चालणार नाहीच. सीलची शिकार करायला बर्फ नाही, तेव्हा उन्हाळ्यात ते पक्ष्यांच्या बेटांवर येतं आणि आयडर बदकांची, बार्नाकल हंसांची घरटी एका ओळीत साफ करतं. २०१४ च्या एप्रिलमध्ये स्पिट्सबर्गनच्या उत्तर किनाऱ्यावर एक अस्वल डॉल्फिन खाताना दिसलं. उबदार पाण्यामागे उत्तरेला आलेले डॉल्फिन बर्फात अडकले होते. अस्वलानं डॉल्फिन खाल्ल्याची ही पहिलीच नोंद.

दक्षिण ध्रुवाकडे मांडणी वेगळी आहे. तिथे कोपेपॉडच्या जागी झिंग्यासारखे छोटे क्रिल, आणि क्रिलची पिल्लं हिवाळ्यात बर्फाखालचं शैवाल खाऊन तगतात. एम्परर पेंग्विन तर समुद्राच्या बर्फावरच अंडी घालतात. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउझेन समुद्रातला बर्फ पिल्लांना जलरोधक पिसं येण्याआधीच फुटला, आणि तिथल्या पाच वसाहतींपैकी चारांमध्ये बहुधा एकही पिल्लू वाचलं नाही.

[दृश्य: काँग्सफ्योर्डन, ध्रुवीय रात्र. कपाळावरचे दिवे, किनाऱ्यावरची बोट.]

काँग्सफ्योर्डनमध्ये बर्फ धरणार की नाही, हे हिवाळ्यात ठरतं. वारा कुठून वाहिला, अटलांटिकचं पाणी किती आत आलं, हिम कधी पडलं, सगळं अंधारातच घडून जातं. आपली माणसं मात्र बरीच वर्षं मुख्यतः उन्हाळ्यातच इथे यायची, आणि हिवाळ्याची खबर फक्त पाण्यातल्या माळेकडून मिळायची. डिसेंबर २०२३ पासून भारताच्या हिवाळी मोहिमा सुरू झाल्या आणि हिमाद्री आता वर्षभर उघडं असतं. रात्री फ्योर्ड झोपलेलाही नसतो. याच पाण्यात असं आढळलंय की सूर्य नसताना प्लवक चंद्राच्या उजेडाप्रमाणे वरखाली करतात आणि पौर्णिमेच्या आसपास खोल जातात. समुद्रावर बर्फाचं झाकण नसेल तर तो उजेड आणखी खोल पोचतो, आणि त्याबरोबर भक्ष्य शोधणाऱ्या माशाची नजरही.