दंड कुणाला भरायचा?

नमस्कार श्रोतेहो.

आजचा विषय मला लिहून दिलाय तो असा: माणसाला स्वतंत्र व्हावंसं का वाटतं? देशाला नव्हे बरं का, माणसाला. पगार वेळेवर येतोय, डोक्याचा ताप साहेबाला, आपण सहाला घरी. असं सगळं सुरळीत असताना माणूस उठतो, कर्ज काढतो, स्वतःचं काहीतरी सुरू करतो आणि झोप घालवून बसतो. का?

विद्वानांकडं याची उत्तरं आहेत, त्यातलं एक सांगेन. पण आधी आमच्या मामाची गोष्ट. आधी म्हणजे काय, खरं तर तीच सांगायला आलोय.

मामा आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात एका कारखान्यात मागावर होता. बारा तासांची पाळी. ज्यांच्या शेजारी माग आहेत त्यांना तो खडखडाट सांगायला नको. बाकीच्यांनी पत्र्यावर गारा पडतायत आणि थांबायचं नाव घेत नाहीत, असं समजावं. तार तुटली की जोडायची, कांडी संपली की बदलायची, आणि डोळा सतत कापडावर. मजुरी नगावर. चादर डागी निघाली की मालक वहीत लिहायचा आणि हिशेबाच्या दिवशी तेवढे पैसे कापायचा. मामाचा हात चांगला, त्यामुळं त्याचे पैसे क्वचितच कापले जायचे. पण कापले की दोन दिवस घरात कुणाशी बोलायचा नाही. जेवायचा, झोपायचा, जायचा.

मी सातवीत होतो त्या उन्हाळ्यात मामानं ठरवलं, स्वतःचे माग घालायचे. दोन जुने जेकार्ड माग. मामीच्या पाटल्या गेल्या, भिशी उचलली, वर पतसंस्थेचं कर्ज. घरामागं पत्र्याचं शेड उभं राहिलं. आजी म्हणाली, "अरे, लाईट गेली तर? सूत महागलं तर? व्यापाऱ्यानं पैसे अडकवले तर?" मामा म्हणाला, "तवाचं तवा बघू की."

आता जेकार्ड म्हणजे काय, ते थोडक्यात. मागाच्या वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ असते. त्या भोकांवरून कापडावरची नक्षी ठरते. पट्ट्यांचा क्रम चुकला की नक्षी चुकली. ही माळ ओवायला जाणता माणूस लागतो, आणि तो पैसे घेतो. मामानं ते पैसे वाचवले. रात्री कंदिलाच्या उजेडात बसून स्वतःच माळ ओवली.

दुसऱ्या दिवशी नारळ फुटला. माग सुरू झाला. पाहुणे आले, पेढे वाटले. मामीनं सगळ्यांना कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दिली. उखळात कुटलेली चटणी, हे मुद्दाम सांगतो. मिक्सरमध्ये फिरवलेल्या पुडीला मी चटणी म्हणत नाही, कुणाला राग येत असेल तर येऊ दे. चटणीला तेल सुटलं पाहिजे.

तर मामा पाहुण्यांच्या गडबडीत. दुसऱ्याच्या मागावर ज्या माणसाला वीतभर कापडात चूक दिसायची, त्याच्या स्वतःच्या मागावर तीन चादरी विणून झाल्या तरी त्याचं लक्ष नाही. लक्ष गेलं आजीचं. ती म्हणाली, "ह्यो मोर असा का झोपलाय?"

मोराची मान पायाशी आली होती! रात्री पट्ट्यांचा एक अख्खा गठ्ठा मागंपुढं ओवला गेला होता. डोकं खाली, पिसारा वर, मधे मान गायब. तिन्ही चादरींवर.

माग बंद केला. पाहुणे हळूच उठून गेले. आम्हाला वाटलं, आता हा दोन दिवस बोलायचा नाही. मामा आत गेला, कोरी करकरीत वही घेऊन आला आणि पहिल्या पानावर, श्री लिहिलं होतं त्याच्या खाली, लिहिलं: डागी माल, तीन नग, मजुरी कापली. वर स्वतःचं नाव.

मामी दारात उभी होती. म्हणाली, "अहो, दंड भरायचा कुणाला?"

"मालकाला."

"मालक कोण?"

मामानं वहीकडं बघितलं, मागाकडं बघितलं, आणि असा हसला की मी त्याला तसं हसताना पुन्हा कधी पाहिलं नाही. तेवढे पैसे त्यानं खरंच बाजूला काढले. त्या दंडाचा आम्ही सगळ्यांनी उसाचा रस प्यायला.

श्रोतेहो, नुकसान तेवढंच होतं. उलट जास्तच, कारण आधी फक्त मजुरी जायची, आता सूतही स्वतःचं गेलं. तरी माणूस हसला. का, तर चूक त्याची होती. पुन्हा सांगतो, चूक त्याची स्वतःची होती. दुसऱ्यानं वहीत लिहिलेली नव्हती. स्वातंत्र्य हवं असतं ते आरामासाठी नाही. आराम दुसऱ्याच्या हाताखालीच जास्त. आपल्या चुकीची मालकीसुद्धा आपल्याकडं पाहिजे, ही ती ओढ आहे.

आता विद्वानांचं, वेळ कमी आहे म्हणून भराभर सांगतो. 1976 साली अमेरिकेत एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोघी संशोधकांनी एका वृद्धाश्रमात प्रयोग केला. एका मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना सांगितलं, तुमचं तुम्ही ठरवा, हे रोप घ्या, पाणी तुम्हीच घालायचं. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण पाणी नर्सनं घालायचं. तीन आठवड्यांनी बघितलं तर स्वतः पाणी घालणारे जास्त आनंदी, जास्त हालते-बोलते. लक्षात घ्या, काम त्यांनाच जास्त होतं. आपल्याकडं पोरं आईवडिलांना पुण्याला नेतात आणि म्हणतात, आता काही करू नका, नुसतं बसा. प्रेमानंच म्हणतात. पण म्हातारी हुतात्मा एक्सप्रेसनं परत का येते, याचं उत्तर त्या रोपात आहे.

आणि आपलं शहरच बघा. स्वातंत्र्यलढ्यात, मे 1930 मध्ये इंग्रजांचे पोलीस माघारी गेले, तेव्हा सोलापूर दोन-तीन दिवस स्वतःच्या ताब्यात होतं. मोकळं रान मिळालं म्हणून लोक घरी झोपले नाहीत. काँग्रेसचे स्वयंसेवक रस्त्यावर उभं राहून रहदारी सांभाळत होते. मग 12 मे रोजी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल आला, आणि 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. हुतात्मा चौकातून आपण रोज हॉर्न वाजवत जातो. तिथं तरी हॉर्न वाजवू नये, एवढं माझं मत.

मामाचं पुढं काय झालं, ते सांगायचं राहिलं. आठ वर्षं माग चालले. मग आजीनं सांगितलेल्या तिन्ही गोष्टी एकामागोमाग झाल्या. लाईटचं बिल, सुताचा भाव, अडकलेले पैसे. दोन्ही माग भंगारात वजनावर गेले. मामा पुन्हा दुसऱ्याच्या कारखान्यात पाळीला जाऊ लागला. पहिल्याच महिन्यात एका डागी चादरीचे पैसे कापले गेले, तेव्हा मामीला म्हणाला, "त्या तिघींचं इतकं लागलं नव्हतं."

त्या तिघींपैकी एक माझ्याकडं आहे. एक टेम्पोवर झाकायला गेली. एक मामीकडं. पाहुणे येणार असले की मामी ती उलटी करून पलंगावर घालते. पण सोलापुरी चादर ती. दोन्ही बाजूंना मोर असतोच, नुसते रंग बदलतात.

नमस्कार.