हे खरे आहे काय?

(दृश्य : विधान भवनाचा रिकामा जिना. टेबलावर छापील प्रश्नांची यादी. कॅमेरा हळूहळू एका प्रश्नावर स्थिरावतो.)

आमदार विधिमंडळात मंत्र्यांना जो लेखी प्रश्न विचारतात, तो सुरू होतो असा : ‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय.’ मग आकडे टाकून एकेक भाग. अमुक तालुक्यात वैद्यकीय पदवी नसलेल्या व्यक्ती दवाखाने चालवीत आहेत, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने याची चौकशी केली आहे काय? असल्यास, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? आणि सगळ्यात शेवटी, शेपटासारखी चिकटलेली ओळ : नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

तालुक्याचं नाव बदलतं, आमदार बदलतात, सरकारंही बदलतात. हे शेपूट वर्षानुवर्षं तसंच आहे.

उत्तरांचाही एक साचा आहे. ‘हे खरे आहे.’ ‘हे खरे नाही.’ ‘हे अंशतः खरे आहे.’ यातलं तिसरं मंत्रालयाचं लाडकं. कोणता अंश खरा आणि कोणता खोटा, ते शोधायचं काम वाचणाऱ्याचं. आणि पहिल्या भागाला ‘नाही’ म्हटलं की खालच्या सगळ्या भागांसमोर एकच शिक्का बसतो : ‘प्रश्न उद्भवत नाही.’

(दृश्य : जुन्या कागदांवरून फिरणारा प्रकाश.)

ऐकायला गंमत वाटते, पण ‘हे खरे आहे काय’ विचारण्याचा हक्क आपल्याकडे फुकट आलेला नाही. १८९२च्या कायद्याने कायदेमंडळातल्या सदस्यांना सरकारला प्रश्न विचारायची मुभा पहिल्यांदा मिळाली. टिळक १८९५मध्ये मुंबईच्या कायदेमंडळावर निवडून गेले, काही वर्षांनी गोखले गेले. तेव्हा प्रश्न विचारता यायचा, उत्तर ऐकता यायचं, आणि मग खाली बसायचं. उत्तर कितीही गुळमुळीत असो, त्यावर ‘पण मग...’ म्हणता येत नसे. उपप्रश्न आला १९०९च्या कायद्याने, तोही फक्त मूळ प्रश्नकर्त्यापुरता. बाकीच्या सदस्यांना तो हक्क मिळायला १९१९च्या सुधारणा याव्या लागल्या.

म्हणजे नुसत्या ‘पण मग’साठी सत्तावीस वर्षं.

त्याच काळात दुसरी एक वही उघडली जात होती. मुंबई इलाख्यात १९१२ साली डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा झाला. कोण डॉक्टर आणि कोण नाही, हे सरकारी नोंदवहीवरून ठरायला लागलं. वैद्य आणि हकीम या वहीच्या बाहेर होते. त्यांच्यासाठी मुंबईने १९३८मध्ये वेगळा कायदा केला. आजच्या महाराष्ट्रात याच दोन धाग्यांचे दोन कायदे आहेत : १९६१चा वैद्यक व्यवसायी अधिनियम आणि १९६५चा वैद्यक परिषद अधिनियम. प्रश्नाचा हक्क आणि नोंदणीची वही साधारण एकाच पिढीत वाढली. सभागृहात त्यांची गाठ पडते ती मात्र अडखळतच.

(दृश्य : एका गावातली दवाखान्याची पाटी. नावाच्या मागे अक्षरांची लांबलचक रांग.)

समजा आमदाराने बोगस डॉक्टरांबद्दल विचारलं. पहिला पेच उत्तराचा नाही, पत्त्याचा आहे. प्रश्न कुठल्या मंत्र्याला?

ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंदणी ठेवते महाराष्ट्र वैद्यक परिषद, आणि तिचा संबंध वैद्यकीय शिक्षण विभागाशी. ग्रामीण भागातली सरकारी यंत्रणा, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रं, तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक, ही सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. शहरात महापालिकेचा आरोग्य अधिकारी, म्हणजे नगरविकास. औषधाचं दुकान अन्न व औषध प्रशासनाच्या अखत्यारीत. गुन्हा नोंदवायचा तर पोलीस, म्हणजे गृह. माणूस एक, खोली एक, टेबलावरचा स्टेथोस्कोपही एक, खाती पाच.

त्यात एक गोष्ट अशी, की ती कळली तर निम्म्या उत्तरांची गोम कळते. वैद्यक परिषदेची सगळी ताकद तिच्या नोंदवहीत आहे. डॉक्टर चुकला तर परिषद त्याला समज देते, काही काळासाठी त्याची नोंदणी स्थगित करते, किंवा त्याचं नाव काढूनच टाकते. पण बोगस डॉक्टरचं नाव वहीत मुळात नाहीच. मग परिषद काढणार काय? नोंदणी नसताना व्यवसाय केला तर १९६१च्या कायद्याच्या कलम ३३खाली तो गुन्हा आहे. तिथे काम पोलिसांचं आणि स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याचं, आणि त्यांच्या कामावर नजर ठेवायला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती. म्हणून ‘परिषदेने काय कारवाई केली?’ एवढंच विचारणारा आमदार स्वतःच पळवाट आखून देतो. मंत्री शांतपणे सांगू शकतात की परिषद ही स्वायत्त संस्था आहे आणि संबंधित व्यक्ती परिषदेकडे नोंदणीकृत नाही. दोन्ही वाक्यं खरी, आणि हाती काही नाही.

चांगला प्रश्न वेगळा असतो. समितीची बैठक शेवटची कधी झाली? किती तक्रारी आल्या, किती गुन्हे दाखल झाले, किती प्रकरणं न्यायालयात गेली, किती जणांना शिक्षा झाली? चारही आकडे वेगवेगळे मागायचे. एकत्र मागितले की ‘कार्यवाही करण्यात आली’ या तीन शब्दांच्या डब्यात सगळं बंद होऊन येतं.

(दृश्य : न्यायालयाच्या कॉरिडॉरमधली सावली. निवेदनाचा वेग किंचित मंद.)

बोगसचा प्रश्न तसा सोपाच म्हणायचा. अवघड प्रश्न सुरू होतो पदवी असलेल्यांपासून. पदवी आहे, नोंदणीही आहे, पण वेगळ्या वहीत.

मुंबईत १९९२ साली एका होमिओपॅथ डॉक्टरने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधं दिली, आणि तो रुग्ण दगावला. त्याच्या पत्नीची लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९९६मध्ये न्यायालयाने सांगितलं की ज्या पद्धतीचं ज्ञान नाही त्या पद्धतीने उपचार करणं हाच निष्काळजीपणा, आणि तीन लाख रुपयांची भरपाई द्यायला लावली.

मग २०१४मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली. आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथ डॉक्टरांना ठरावीक मर्यादेत ॲलोपॅथीची औषधं देता यावीत, यासाठी. एका बाजूचं म्हणणं : खेड्यात एमबीबीएस जात नाहीत, मग रुग्णांनी जायचं कुठे? दुसऱ्या बाजूचं म्हणणं : एका वर्षात साडेपाच वर्षांचं शिक्षण होत नाही. डॉक्टरांच्या संघटना उच्च न्यायालयात गेल्या. या डॉक्टरांची नोंद वैद्यक परिषदेने करायची की नाही, यावरून २०२५मध्येही संपाचे इशारे निघत होते.

दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे, असं म्हणून मोकळं होणं सोपं. मला मात्र यातलं एक टोचतं. ही दुरुस्ती परिषदेने केली नाही, सभागृहाने केली. तेव्हा अशा विषयावर ‘हा परिषदेच्या अखत्यारीतला मुद्दा आहे’ असं उत्तर आलं, तर आमदाराने ते ऐकून का घ्यावं? वही परिषदेची, पण वहीत कोणाला घ्यायचं हे लिहिणारा हात विधिमंडळाचा.

(दृश्य : दिल्ली. संसद भवनाचं बाहेरचं चित्र.)

दिल्लीत हाच हिशेब वेगळ्या वाटेने झाला. देशभरातल्या वैद्यकीय शिक्षणावर मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाचं नियंत्रण होतं. मार्च २०१६मध्ये संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने या कौन्सिलवर एक अहवाल दिला आणि ती आपल्या जबाबदाऱ्यांत अपयशी ठरल्याचं स्पष्ट लिहिलं. डॉक्टरांनी डॉक्टरांमधूनच निवडून द्यायचं आणि त्यांनीच डॉक्टरांवर लक्ष ठेवायचं, ही रचनाच बदला, असं समितीचं म्हणणं होतं. २०१९मध्ये नवा कायदा झाला, आणि २५ सप्टेंबर २०२० रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जुन्या कौन्सिलची जागा घेतली.

समितीच्या खोलीत कॅमेरे नसतात. टाळ्या नाहीत, बाकं वाजवणं नाही. समोर अधिकारी बसतात, आणि एकच मुद्दा तासभर उलगडता येतो. सभागृहात तेवढा वेळ कुठला? लोकसभेत रोज वीस तारांकित प्रश्न, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे प्रश्न, यादीत असतात आणि वेळ एक तास. पहिले काही प्रश्न होतात न होतात तोच घड्याळ संपतं. उरलेल्यांची लेखी उत्तरं सभागृहाच्या पटलावर. तिथे उपप्रश्न नाही. १८९२सारखंच, उत्तर वाचा आणि बसा.

म्हणून कसलेला सदस्य उपप्रश्नासाठी दारूगोळा राखून ठेवतो. मूळ प्रश्नात सगळं विचारून टाकत नाही. मंत्र्यांचं छापील उत्तर अधिकाऱ्यांनी लिहिलेलं असतं. उपप्रश्नाचं उत्तर मंत्र्यांना स्वतःच्या तोंडाने द्यावं लागतं. मागच्या गॅलरीतून चिठ्ठ्या येत राहतात, तो भाग निराळा.

(दृश्य : फायलींचे गठ्ठे. एका फायलीवर बांधलेली लाल फीत.)

‘तपासून घेतो.’ ‘अहवाल मागवतो.’ ‘महिन्याभरात बैठक लावतो.’ प्रेक्षक गॅलरीत बसलेल्याला वाटतं, बोळवण केली. पण सभागृहात उच्चारलेलं असं वाक्य हवेत विरत नाही. ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं. लोकसभेने त्यासाठी १९५३मध्ये वेगळी समिती नेमली. तिथे आश्वासन पूर्ण करायची मुदत तीन महिन्यांची. महाराष्ट्रातही आश्वासन समिती आहे. तीन महिन्यांत होत नाही तेव्हा विभाग मुदतवाढ मागतो, मग पुन्हा मागतो. सरकार बदललं तरी आश्वासन शासनाचंच राहतं, आणि कधी कधी ज्या आमदाराने ते मिळवलं तो पुढच्या निवडणुकीत घरी गेलेला असतो.

(दृश्य : समितीची खोली. लांब टेबल, एका बाजूला सदस्य, दुसऱ्या बाजूला विभागाचे सचिव.)

जुनी फाईल उघडली जाते. समितीचे अध्यक्ष चष्मा पुसतात, तारीख वाचतात, आणि सचिवांना त्या छापील पानावरची शेवटची ओळ विचारतात.