नवस आणि कर्ज: चौथ्या धर्मयुद्धाचा हिशेब

मित्रहो, आपल्या भाषेत नवसही फेडतात आणि कर्जही फेडतात. क्रियापद एकच. चौथ्या धर्मयुद्धाची, म्हणजे चौथ्या क्रुसेडची, सगळी गुंतागुंत या एका क्रियापदात सापडते. जेरुसलेम मुसलमानांकडून परत घेण्याचा नवस बोललेले हजारो लोक १२०२ साली घरून निघाले. वाटेत त्यांच्यावर कर्ज चढलं, आणि ते फेडता फेडता १२०४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी ख्रिस्ती जगातलं सर्वांत मोठं शहर, कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल), लुटलं. हे कसं घडलं ते आज टप्प्याटप्प्याने पाहू. कारस्थानाची कहाणी नेहमी सांगितली जाते: लबाड व्हेनिस, भोळे फ्रेंच. मला ती पटत नाही. आकडे मांडले की वेगळंच चित्र दिसतं.

सुरुवात पोप इनोसंट तिसऱ्यापासून. ११८७ साली सुलतान सलाहुद्दीनने जेरुसलेम घेतलं होतं. तिसऱ्या धर्मयुद्धातून ते परत मिळालं नाही. ऑगस्ट ११९८ मध्ये नव्या पोपने नवी मोहीम पुकारली आणि पुढच्या वर्षी पाद्र्यांच्या उत्पन्नावर चाळिसावा हिस्सा कर बसवला. पण या मोहिमेत एकही राजा नव्हता. इंग्लंडचा रिचर्ड ११९९ मध्ये मेला, फ्रान्सचा फिलिप आपल्या भांडणात, जर्मनीत गादीवरून यादवी. पुढे आले ते शँपेन, फ्लँडर्स, ब्ल्वा इथले उमराव. राजा नाही म्हणजे एक तिजोरी नाही, आणि ‘अमुक बंदरावरूनच निघा’ असा हुकूम सोडणारं कोणी नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढचं सगळं इथेच अडकलेलं आहे.

उमरावांनी सहा वकील नेमले. त्यातला एक शँपेनचा मार्शल जोफ्रुआ द व्हिलआर्दुआँ. त्याने पुढे या मोहिमेचा इतिहास लिहिला, म्हणून आतली बरीच माहिती आपल्याला मिळते. हे सहाजण १२०१ च्या सुरुवातीला व्हेनिसला पोचले आणि एप्रिलमध्ये करार झाला. तो नीट वाचण्यासारखा आहे. ४,५०० नाइट (चिलखती घोडेस्वार योद्धे), त्यांचे ९,००० मदतनीस, २०,००० पायदळ आणि ४,५०० घोडे न्यायचे. दर माणशी २ मार्क, घोड्यामागे ४ मार्क. गुणाकार करून पाहा: ३३,५०० माणसांचे ६७,००० आणि घोड्यांचे १८,०००. एकूण ८५,००० मार्क. कोलोनचा मार्क सुमारे २३३ ग्रॅम चांदीचा, म्हणजे जवळपास २० टन चांदी, चार हप्त्यांत द्यायची. २९ जून १२०२ ला निघायचं आणि तिथून वर्षभर ताफा यांच्या सेवेत. माणशी पाव, पीठ, धान्य, कडधान्य, वाइन किती, घोड्याला दाणा किती, हेही मापानिशी लिहिलेलं होतं. शिवाय व्हेनिस स्वतःच्या खर्चाने ५० लढाऊ गलबतं देणार होतं, अट एकच: जे जिंकाल त्यातला निम्मा वाटा आमचा.

हा दर लुबाडणुकीचा होता का? ११९० मध्ये फ्रान्सच्या फिलिपने इटलीतल्याच जिनोव्हा बंदराशी असाच करार केला होता: ६५० नाइट, १,३०० मदतनीस आणि १,३०० घोड्यांचे ५,८५० मार्क. म्हणजे एक नाइट, दोन मदतनीस, दोन घोडे मिळून ९ मार्क. तेवढ्याच माणसाघोड्यांचे व्हेनिसच्या दराने १४ होतात. दर चढा खरा, पण हा ताफा वर्षभरासाठी बांधलेला होता आणि काम कितीतरी पटींनी मोठं होतं. चूक दरात नव्हतीच. चूक होती ३३,५०० या आकड्यात. तो वकिलांनी अंदाजाने टाकला होता. लग्नाच्या वऱ्हाडाला गाड्या ठरवणाऱ्याला हे दुखणं चांगलं ठाऊक असतं: भाडं माणसांवर मोजलेलं, पण करार पूर्ण गाड्यांचा, आणि माणसं आपापल्या सोयीने परस्पर निघून जातात.

व्हेनिसने आपली बाजू पाळली, आणि ती साधी नव्हती. डोज, म्हणजे तिथला निवडून दिलेला प्रमुख, एन्रिको दांदोलो. आंधळा आणि नव्वदीच्या आसपास. शहराचा व्यापार थांबवून सगळं मनुष्यबळ त्याने जहाजबांधणीला लावलं. खलाशी निवडायची रीत रोबेर द क्लारी या साध्या नाइटने लिहून ठेवली आहे. मेणाचे दोन-दोन गोळे करायचे, जोडीतल्या एका गोळ्यात चिठ्ठी घालायची. पाद्री गोळ्यांवर क्रूसाची खूण करून दोघा व्हेनिसकरांना एकेक देई. ज्याच्या गोळ्यात चिठ्ठी, त्याने ताफ्याबरोबर जायचं. जवळजवळ निम्मे कामकरी पुरुष असे समुद्रावर निघाले. घोड्यांच्या जहाजांना कुशीत दार असायचं. घोडे आत गेले की ते बंद करून फटी बुजवायच्या, कारण समुद्रात ते दार पाण्याखाली जाई. किनाऱ्याला लागलं की दार उघडून फळी टाकायची आणि नाइटने घोड्यावर बसूनच बाहेर पडायचं.

१२०२ चा उन्हाळा आला. व्हेनिसजवळच्या लिदो बेटाच्या वाळूवर तळ पडला आणि मोजणी झाली तेव्हा माणसं भरली सुमारे १२,०००. कोणी मार्सेयवरून गेले, कोणी दक्षिण इटलीतून, फ्लँडर्सचा एक ताफा परस्पर निघाला. व्हिलआर्दुआँ त्यांना दोष देतो. पण व्हेनिसवरूनच निघू अशी शपथ त्यांनी घेतलीच नव्हती. करार सहा जणांनी केला होता आणि तो काही उमरावांवर बंधनकारक होता, बाकीच्यांवर नाही. त्यातच नेता ठरलेला शँपेनचा तिबो मे १२०१ मध्ये मरण पावला आणि माँफेरातच्या बोनिफेसला बोलवावं लागलं.

आता हिशेब बघा. आलेल्यांनी माणशी भाडं भरलं, मग सरदारांनी सोन्याचांदीची भांडी डोजच्या वाड्यावर पोचवली. तरी ३४,००० मार्क कमी पडले. म्हणजे भरले ५१,०००. १२,००० माणसांचा, त्या प्रमाणातल्या घोड्यांसकट, न्याय्य वाटा ३०,००० च्या आसपास येतो. जे प्रामाणिकपणे व्हेनिसला आले, त्यांनीच दीडपटीहून जास्त भरलं आणि तेच देणेकरी ठरले. न आलेल्यांच्या डोक्यावर एक छदामही नाही. दुसरीकडे व्हेनिसने ताफा सोडून द्यावा तर वर्षभर बुडालेला धंदा भरून कसा निघणार? दोन्ही बाजू खऱ्या अर्थाने अडकल्या होत्या.

दांदोलोने तोड काढली. दाल्मेशियाच्या किनाऱ्यावरचं झारा, आजचं झादर, व्हेनिसपासून फुटून हंगेरीच्या राजाच्या आश्रयाला गेलं होतं. ते घेऊन द्या, कर्जाला मुदत देतो. अडचण अशी की झारा ख्रिस्ती शहर, आणि हंगेरीचा राजा एमेरिक स्वतः क्रूसाचं व्रत, म्हणजे हाच नवस, घेतलेला. पोपचं मनाईपत्र तळावर पोचलं होतं. व्हो-द-सर्नेच्या मठाधिपतीने सगळ्यांसमोर मनाई सांगितली. सिमॉन द माँफोर हा सरदार बाजूला झाला. शहरातल्यांनी तटावर क्रूस टांगले. तरी २४ नोव्हेंबर १२०२ ला झारा पडलं. पोपने बहिष्कार टाकला. फ्रेंचांनी क्षमा मागितली, ती मिळाली. व्हेनिसवरचा बहिष्कार मात्र कायम राहिला, आणि त्याचं पत्र बोनिफेसने जाहीर न करता दाबून ठेवलं. सैन्य फुटलं तर मोहीम संपेल ही त्याची भीती. पोपच्या हातात शब्दाचं शस्त्र होतं, पण तो शब्द सैनिकाच्या कानी पडतच नव्हता.

कर्ज अजून तसंच होतं. फक्त मुदत वाढली होती. अशा वेळी झाराला एक प्रस्ताव आला. कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाने ११९५ मध्ये आपल्याच भावाचे, इसाकचे, डोळे काढून गादी बळकावली होती. इसाकचा तरुण मुलगा अलेक्सिओस म्हणाला: आम्हाला गादीवर बसवा, मी २,००,००० मार्क देतो, १०,००० सैनिक मोहिमेला देतो, हयातभर ५०० नाइट पवित्र भूमीत पोसतो आणि पूर्वेकडचं चर्च रोमच्या अधीन आणतो. हे शेवटचं कलम ऐकून ज्याला बायझँटियम, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचं साम्राज्य, माहीत आहे त्याने कपाळाला हात लावला असता. १०५४ पासून दोन्ही चर्चमध्ये फूट होती. ११७१ मध्ये सम्राटाने साम्राज्यातल्या व्हेनिसकरांना एका दिवसात कैद केलं होतं. ११८२ मध्ये शहरातल्या जमावाने लॅटिन, म्हणजे पश्चिम युरोपी, वस्तीची कत्तल केली होती. अशा शहरात पोपची सत्ता एका पोराच्या सहीने येणार नव्हती. पण कर्जात बुडालेल्या माणसाला रक्कम दिसते, कलमं दिसत नाहीत. बरेच नाइट इथेही सोडून गेले. उरलेले निघाले.

१७ जुलै १२०३ ला व्हेनिसच्या लोकांनी खाडीकडच्या तटाचे २५ बुरूज घेतले. त्या रात्री सम्राट १,००० पौंड सोनं घेऊन पळाला. ऑगस्टमध्ये अलेक्सिओसला राज्याभिषेक झाला. त्याने सुमारे १,००,००० मार्क दिले. रोबेर सांगतो की त्यातले निम्मे व्हेनिसला गेले, कारण वाटा निम्मा ठरलेला, आणि उरलेल्यातून जुनं कर्ज फिटलं. थांबा इथे क्षणभर. मूळ कर्ज फिटलं होतं! पण हातात काही उरलं नाही, ताफ्याचा करार सप्टेंबरअखेर संपत होता आणि हिवाळ्यात समुद्र बंद. अलेक्सिओसलाही या सैन्याशिवाय गादी टिकेना. तो म्हणाला, आणखी वर्षभर ताफ्याचा खर्च माझा, वसंतापर्यंत थांबा. अशा रीतीने एक कर्ज संपलं तिथे दुसरं येणं सुरू झालं. ते द्यायला त्याने चर्चच्या मूर्तिचौकटी आणि भांडी वितळवली. ऑगस्टमध्येच लॅटिन सैनिकांनी लावलेल्या आगीत शहराचा मोठा पट्टा जळाला. लोक खवळले. हिवाळ्यात हप्ते थांबले, फेब्रुवारी १२०४ मध्ये अलेक्सिओसचा गळा आवळला गेला आणि दाट भुवयांमुळे मुर्त्सुफ्लोस म्हणवला जाणारा सरदार सम्राट झाला. जुनं येणं त्याच्याकडून मिळण्यासारखं नव्हतं.

मार्चमध्ये लुटीच्या वाटणीचा लेखी करार झाला, शहर हाती यायच्या आधी: व्हेनिसचं येणं फिटेपर्यंत तीन भाग त्यांचे, एक भाग बाकीच्यांचा, पुढे निम्मे-निम्मे. ९ एप्रिलचा हल्ला फसला. कारण साधं होतं. मुर्त्सुफ्लोसने बुरुजांवर लाकडी मजले चढवून उंची वाढवली होती. एका बुरुजाला एकच जहाज भिडत होतं, त्यामुळे शिडीवरून येणारे मोजके आणि वर वाट पाहणारे बरेच. त्यात वारा जहाजांना तटापासून लांब ढकलत होता. १२ तारखेला त्यांनी दोन-दोन जहाजं एकत्र बांधली. डोलकाठ्यांवरून पूल टांगलेले, वर कातडी. दुपारी उत्तरेचा वारा सुटला आणि सुआसाँ नि त्र्वाच्या बिशपांची ‘पिलग्रिम’ आणि ‘पॅरडाइज’ ही जोडी बुरुजाला टेकली. पहिला आत शिरलेला व्हेनिसकर लाटेने जहाज मागे जाताच एकटा सापडला आणि मारला गेला. पुढच्या लाटेला आंद्रे द द्युरबुआज आत शिरला. त्याच्यावर घाव पडले, पण चिलखताने तो वाचला. खाली एका चिणलेल्या दिंडी दरवाजाला रोबेरच्या सोबत्यांनी पहारींनी भोक पाडलं. रोबेरचा भाऊ आलोम, तो पाद्री होता, त्यातून आत घुसायला लागला. रोबेरने त्याचा पाय धरून मागे ओढलं. त्याने पाय सोडवला आणि गेला. आतले ग्रीक मागे हटले.

पुढचे तीन दिवस लूट चालली. निकेतास खोनियातेस हा ग्रीक अधिकारी तिथेच होता. हागिया सोफिया या शहरातल्या मुख्य चर्चमध्ये वेदीचे तुकडे वाहायला खेचरं आणली, ती गुळगुळीत फरशीवर घसरून पडली, हे त्याने लिहिलं आहे. हेरा देवीचा ब्राँझचा पुतळा नाण्यांसाठी वितळवला. तिचं नुसतं मस्तक हलवायला बैलांच्या चार जोड्या लागल्या. चार ब्राँझचे घोडे व्हेनिसला गेले. ते आजही तिथल्या सान मार्को चर्चमध्ये आहेत. वाटणीत नाइटला २० मार्क, घोडेस्वार शिपायाला १०, पायदळाला ५ मिळाले. ऐवज लपवला म्हणून सँ-पोलच्या काउंटने आपल्याच एका नाइटला गळ्यात ढाल अडकवून फासावर दिलं.

फ्लँडर्सचा बाल्डविन १६ मे १२०४ ला सम्राट झाला. दांदोलोला पदवी मिळाली ‘साम्राज्याच्या पाव आणि अर्ध्या पावाचा स्वामी’. आपल्या मोजणीत दीड पाव. पोपने आधी चर्चच्या एकीचा आनंद मानला. लुटीचे तपशील, आणि आपल्याच प्रतिनिधीने सैन्याला जेरुसलेमच्या नवसातून परस्पर मुक्त केल्याची बातमी पोचली, तेव्हा १२०५ मध्ये त्याने संतापाची पत्रं लिहिली. असं वागणाऱ्या लॅटिनांकडे ग्रीक चर्च परत येईलच कशाला, हा त्याचा प्रश्न होता. तो रास्त होता. एप्रिल १२०५ मध्ये एड्रियानोपलजवळ बल्गेरियाच्या कालोयानने बाल्डविनला पकडलं आणि तो पुन्हा दिसला नाही. १२६१ मध्ये ग्रीकांनी शहर परत घेतलं.

बाल्डविनची बायको मारी हिनेही क्रूसाचं व्रत घेतलं होतं. बाळंतपणामुळे ती मागे राहिली होती. नंतर मार्सेयवरून निघाली आणि ठरलेल्या ठिकाणी, पवित्र भूमीतल्या आक्कर बंदराला, पोचली. नवरा तिथे भेटेल अशी तिची समजूत. तिथे तिला कळलं की तो कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट झाला आहे. त्याच्याकडे जायच्या आत, ऑगस्ट १२०४ मध्ये, आजाराने ती आक्करलाच वारली. त्याच सप्टेंबरमध्ये जेरुसलेमच्या राजाने सलाहुद्दीनच्या भावाशी, अल-आदिलशी, सहा वर्षांचा तह केला.