बोवीचा विदूषक आणि ब्लिट्झचा दारवान

पांढराफटक चेहरा, टोकदार टोपी, चुणीदार झगा. २००८ साली बीबीसीवर सुरू झालेल्या ‘ॲशेस टू ॲशेस’ या पोलिसी मालिकेत हा विदूषक ॲलेक्स ड्रेकची पाठ सोडत नाही. ॲलेक्स २००८ च्या लंडनमधली पोलीस अधिकारी. तिला गोळी लागते, आणि डोळे उघडतात ते १९८१ मध्ये.

मालिकेचं नाव आणि विदूषक, दोन्ही ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीचे. ऑगस्ट १९८० मध्ये त्याचं याच नावाचं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. नुसती उसनवारी असती तर विसरून गेलो असतो. पण १९८१ मध्येच ॲलेक्सचे आईवडील गाडीतल्या बॉम्बस्फोटात गेलेत. पहिल्या पर्वाच्या शेवटी कळतं, बॉम्ब वडिलांनीच ठेवला होता. विदूषकाच्या रंगाखाली चेहरा त्यांचाच.

आता बोवीच्या त्या गाण्याचा मूळ व्हिडिओ बघा. समुद्रकिनारा. विदूषकाच्या वेशातला बोवी चालतोय, सोबत लांब झगे घातलेली चार माणसं, मागून बुलडोझर. त्या चौघांत आहे स्टीव्ह स्ट्रेंज, लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधल्या ब्लिट्झ या नाइटक्लबचा दारवान. मंगळवारी रात्री आत कोणाला सोडायचं ते तोच ठरवायचा. साध्या कपड्यांत आलात, तर आल्या पावली परत! आत लोकांचे कोट सांभाळायला बॉय जॉर्ज, पुढे गायक म्हणून गाजलेला. एका रात्री बोवी आला आणि व्हिडिओसाठी माणसं निवडून गेला. त्यात स्ट्रेंज मध्येच वाकून हात खाली नेतो. भारी अर्थ असेल असं वाटतं. प्रत्यक्षात झगा बुलडोझरखाली जाऊ नये म्हणून तो ओढून घेत होता.

हाच स्ट्रेंज मालिकेतही आहे. ॲलेक्स ब्लिट्झमध्ये शिरते, आणि पन्नाशीकडे झुकलेला स्ट्रेंज स्वतःचीच विशीतली भूमिका करत ‘फेड टू ग्रे’ गातो, त्याच्या ‘व्हिसाज’ या बँडचं गाणं.

बारकाईनं पाहणारे इथे अडतील. ब्लिट्झमधल्या त्या रात्री १९८० मध्येच संपल्या होत्या. मला मात्र ही चूक शोभून दिसते. हे सगळं आपल्याच डोक्यात चाललंय, असं ॲलेक्स समजते, आणि १९८१ मध्ये ती होती शाळकरी पोर. ब्लिट्झच्या दारातून तिला कोण सोडणार? ‘फेड टू ग्रे’ मात्र तिच्या कानावर पडलं असणार. १९८१ च्या सुरुवातीला ते ब्रिटनच्या पहिल्या दहा गाण्यांत होतं.