सहाशे गाद्या आणि बाराचा घन

नमस्कार श्रोतेहो! सातवी-आठवीला घनफळ शिकवायचं म्हटलं की फळ्यावर सूत्र, खाली दहा उदाहरणं, परीक्षा झाली की पोरं विसरून मोकळी, हे सोलापुरात काय नि पुण्यात काय, सारखंच. म्हणून मी गणिताचा मास्तर असूनपण आज गलिव्हरबद्दल बोलणारे. तोच, लिलिपुटवाला. जोनाथन स्विफ्टचं 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' हे पुस्तक १७२६ साली आलं, लिहिलं होतं मोठ्यांना चिमटे काढायला, पण पळवलं पोरांनी.

गोष्टीतल्या लिलिपुट देशातली माणसं जेमतेम सहा इंचांची, गलिव्हर त्यांच्या बारा पट उंच. त्याला झोपायला ते लोक गाड्यांवर घालून ६०० गाद्या आणतात, १५० गाद्या एकमेकींना शिवून लांबी-रुंदी भरून काढतात आणि असे चार थर एकावर एक टाकतात. तरी गडी कुरकुरतोच, खालची दगडी फरशी अंगाला लागते म्हणून.

इथं पुस्तक मिटायचं आणि वर्गाला विचारायचं, का लागते बरं? आपल्याकडं शहाबादी फरशी आहेच, चादरीला तर सोलापुरात तोटाच नाही, एक चादर चार पदरी करून एखाद्याला त्यावर आडवं करा, लगेच ओरडतो, "ओ सर, लागतंय की!" मग बारा पदरी करून बघा. आता हिशोब. बारा पट लांब, बारा पट रुंद म्हणजे १४४ गाद्या, त्यांनी १५० लावल्या, ठीकाय, पण जाडीपण बारा पट नको का? १४४ गुणिले १२, म्हणजे १७२८ गाद्या पाहिजेत आणि आणल्या ६००, मग फरशी लागणारच की ओ! वर्ग आणि घन यातला फरक या गादीवर जितका कळतो तितका माझ्या फळ्यावर कधी कळला नाही.

गलिव्हरच्या शर्टाचं माप ते लोक घेतात ते तर अजून भारी. अंगठ्याच्या घेराची दुप्पट म्हणजे मनगट, मनगटाची दुप्पट गळा, गळ्याची दुप्पट कंबर. पोरांच्या हातात सुतळी द्या, मोजू द्या. सगळ्यांचं जुळत नाही, भांडणं होतात, आणि तिथनंच गुणोत्तर नि सरासरी सुरू करता येते.

एक मात्र सांगतो, गोष्टीत गणित कोंबू नका. राजकन्येनं पाच लाडू वाटले, उरले किती, असली गणितं पोरं लांबूनच ओळखतात. गोष्टीतल्या माणसांनाच जिथं हिशोब करावा लागतो ती जागा शोधा.

जेवणाचंच घ्या ना. दरबारातले गणिती गलिव्हरची उंची मोजतात, हिशोब मांडतात आणि त्यावरनं त्याला रोज किती माणसांचं जेवण द्यायचं ते ठरतं. काही इंग्रजी प्रतींमध्ये तो आकडा १७२८ आहे, काहींमध्ये १७२४. आता चूक कुठल्या प्रतीत आहे ते पोरांना शोधू द्या, उत्तर आधी फोडू नका.