छप्पन हा आकडा की ठिकाण?

इंदुरात कुणी म्हणालं, "संध्याकाळी छप्पनला ये," तर आपण सरळ पलासियाची वाट धरतो. छप्पन दुकानांची ती ओळ. आकडाच तिचं नाव होऊन बसलाय. तिथंच बिलावर छप्पन लिहून आलं, की मात्र हात खिशाकडे जातो. आपल्याला हे सांगावं लागत नाही. असेंब्लरला, म्हणजे आपण लिहिलेल्या आज्ञा चिपच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रॅमला, मात्र हा आकडा की पत्ता ते सांगावं लागतं.

८०५१ घ्या. इंटेलनं १९८० साली आणलेली ही चिप आपल्या प्रयोगशाळांतून अजून हलायला तयार नाही. तिची पोर्ट, टायमर, सिरियल यांची स्पेशल फंक्शन रजिस्टरं, म्हणजे हे भाग चालवणारे छोटे कप्पे, ८० हेक्स ते एफएफ हेक्स या पत्त्यांमध्ये विखुरलेली आहेत (हेक्स म्हणजे सोळाच्या पद्धतीतला आकडा, लिहिताना शेवटी एच). पोर्ट एकचा पत्ता ९० हेक्स. आता गंमत बघा. 'मूव्ह ९०एच, #०' लिहिलंत, तर पोर्टच्या आठही बिटांत शून्य. 'सेटबी ९०एच' लिहिलंत, तर एकट्या पी१.० मध्ये, म्हणजे पोर्ट एकच्या पहिल्या बिटात, एक, कारण त्या बिटचा पत्ताही ९०च. पुढे # लावलात तर तो नुसता आकडा. आणि ८०५२ या तिच्या मोठ्या बहिणीवर आर० या रजिस्टरमध्ये ९० हेक्स भरून त्याच्यामार्फत गेलात, तर पोर्टचा संबंधच नाही, वेगळी रॅम हाती लागते. एका पत्त्यावर इतकी बिऱ्हाडं!

म्हणून नाव द्यायचं. पण कसं, यात सगळी मेख आहे. मी एकदा पंपाच्या कंट्रोलरसाठी लिहिलं होतं: 'मोटर इक्यू ९०एच'. 'क्लिअर मोटर' म्हटलं की मोटर बंद, छान चाललं. पुढे महिनाभरानं मीच, घाईत, 'मूव्ह मोटर, #०' लिहिलं. असेंब्लरनं हूं की चूं केलं नाही. मोटर बंद झालीच, सोबत त्याच पोर्टवरचा धोक्याचा भोंगाही गप्प झाला. दोन दिवस मी वायरिंग तपासत बसलो!

इक्यू नावाला फक्त आकडा चिकटवतो, त्याची जात सांगत नाही. तेच 'मोटर बिट ९०एच' लिहिलं असतं, तर बाइटच्या जागी बिट आलंय म्हणून असेंब्लरनं तिथंच अडवलं असतं. रजिस्टरला नाव देताना 'डेटा' लिहा, बिटला देताना 'बिट'. इक्यू स्थिरांकांसाठी ठेवा.

नेहमीची नावं असेंब्लरला पाठ असतात. प्रश्न नव्या रजिस्टरांचा. एटी८९एस५२ या त्याच घराण्यातल्या चिपमधला वॉचडॉग, म्हणजे प्रोग्रॅम अडकला तर चिप रीसेट करणारा टायमर, मूळ ८०५१ मध्ये नव्हता. जुन्या यादीवर चालणारा असेंब्लर त्याच्या रजिस्टरचं 'डब्ल्यूडीटीआरएसटी' हे नाव ओळखत नाही. मग आपणच वर लिहायचं: 'डब्ल्यूडीटीआरएसटी डेटा ०ए६एच'. आधीचं ते शून्य विसरू नका. नुसतं 'ए६एच' दिसलं की असेंब्लर त्याला नाव समजतो आणि असं नाव कुठं आहे म्हणून शोधत बसतो. आपलं छप्पन उलटं झालं म्हणा.

या रजिस्टरमध्ये आधी १ई आणि मग ई१ हेक्स लिहिलं की वॉचडॉग जागा होतो. १२ मेगाहर्ट्झवर साधारण १६ मिलिसेकंदांच्या आत तीच जोडी पुन्हा लिहायची, नाहीतर चिप रीसेट. एकदा जागा झाला, की रीसेटशिवाय तो बंद करता येत नाही. बोर्ड आणलेत ना सगळ्यांनी? लावा, पहिली ओळ 'डब्ल्यूडीटीआरएसटी डेटा ०ए६एच' हीच लिहूया.