फी भरली, पण काम तिथे संपत नाही

(मंडळाच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातलं भाषण, थोडं आटोपतं घेऊन)

नमस्कार मंडळी. बारावीचे निकाल लागले, काउन्सेलिंगचे राऊंड चालू आहेत, आणि सध्या आपल्या प्रत्येक घरात एकच विषय आहे, म्हणून अध्यक्ष म्हणाले की ताई यावर तुम्हीच बोला. मी इथे इंदूरच्याच एका कॉलेजात बरीच वर्षं शिष्यवृत्तीच्या खिडकीवर बसले आहे, तेव्हा जे सांगणार ते खिडकीच्या आतून पाहिलेलं आहे. आणि मुख्य सांगायचं ते आधीच सांगते. आपली माणसं फी भरायला जीव काढतात, एफडी मोडतात, पण त्या फीत काय काय मिळतं आणि मुलाच्या नावावर सरकारी योजनेत काय मिळू शकतं, हे विचारायला जात नाहीत. "राहू दे, आपल्याला कशाला, गरजूंना मिळू दे" असं म्हणतात. मन चांगलंच आहे हो, पण यातल्या कितीतरी योजना आपल्यासारख्या पगारदार आणि छोट्या दुकानदार घरांसाठीच आहेत, त्या घेतल्या तर कोणाचा घास हिसकावला जात नाही.

आधी खर्च. खिडकीवर येणारा पहिला प्रश्न असायचा "या वर्षीची फी किती?" मी म्हणते विचारा की पूर्ण कोर्सला किती. घरी एक वही घ्या आणि मुलाला समोर बसवून लिहा, ट्यूशन फी, परीक्षा फी, कॉशन मनी (म्हणजे अनामत), हॉस्टेल, मेस, बस, लॅपटॉप, ड्रॉइंगचं सामान नाहीतर लॅबकोट, दिवाळी-होळीला घरी यायचं भाडं, आणि तिसऱ्या वर्षाची इंटर्नशिप, जी बहुतेक वेळा दुसऱ्याच गावात असते आणि तिथल्या खोलीचं भाडं कोणीच धरलेलं नसतं. मुलाला समोर बसवायचं कारण म्हणजे त्यालाही कळू दे किती लागतात ते, आपण लपवतो आणि मग तो बिचारा मित्रांबरोबर जातो तेव्हा त्याला अंदाजच नसतो. प्रायव्हेट इंजिनियरिंग, फार्मसी, मॅनेजमेंट अशा कॉलेजांची फी आपल्या मध्य प्रदेशात भोपाळची प्रवेश व शुल्क विनियामक समिती ठरवते, कॉलेजप्रमाणे आकडे त्यांच्या वेबसाइटवर असतात, ते काढा आणि कॉलेजच्या पावतीशी ताडून बघा. प्रायव्हेट युनिव्हर्सिटी असेल तर तिच्यासाठी वेगळा विनियामक आयोग आहे. "डेव्हलपमेंट", "ॲक्टिव्हिटी" असं काही जास्तीचं लावलं असेल तर लेखी विचारा, आणि पावतीशिवाय एक रुपया देऊ नका.

आता फी परत मिळण्याचं. हे दर वर्षी होतं, जूनमध्ये घाबरून एका कॉलेजात पैसे भरले आणि पुढच्या राऊंडला चांगली सीट लागली, मग पहिलं कॉलेज म्हणतं पैसे विसरा. यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, २०१८चा नियम आहे. प्रवेशाची जी शेवटची तारीख जाहीर झालेली असते तिच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी सोडलं तर फी पूर्ण परत (प्रोसेसिंगचे म्हणून थोडे कापू शकतात, तेही ५,००० च्या वर नाही), त्या १५ दिवसांच्या आत सोडलं तर ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, आणि त्यापुढे काही नाही. म्हणून सोडायचं ठरलं की त्याच दिवशी ईमेल करा, तारीख पक्की होते, फोनवर बोललेलं कोणी मानत नाही. आणि ओरिजिनल मार्कशीट, टीसी कॉलेजला ठेवून घेता येत नाही, तपासून परत द्यायची असते. खूप आईवडील फक्त त्या कागदांच्या भीतीनं गप्प बसतात.

पुढचं मुद्दाम सविस्तर सांगते, कारण आपल्या मराठी घरांत हाच घोळ सगळ्यात जास्त होतो. नाव. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहायची पद्धत, आणि इथल्या बोर्डाच्या मार्कशीटवर मुलाचं नाव-आडनाव वर आणि वडिलांचं नाव खाली वेगळ्या ओळीत. आधार काढताना आजोबांनी पूर्ण तीन नावं सांगितलेली, बँकेत फक्त इनिशियल, समग्र आयडीत (मध्य प्रदेश सरकारचा घरातल्या माणसांचा ओळख क्रमांक) वॉर्ड ऑफिसनं आडनावाच्या स्पेलिंगमध्ये डबल ई घातलेली. एकदा एक मुलगी वडिलांना घेऊन आली, तिनं तिन्ही कागद माझ्यासमोर मांडले, तीन कागदांवर तीन नावं, आणि फॉर्म दुसऱ्यांदा परत आलेला. वडील म्हणाले, "अहो मॅडम, मुलगी एकच आहे, ही काय समोर उभी आहे." खरंच होतं त्यांचं, पण कॉम्प्युटरला ती दिसत नाही ना, त्याला अक्षरं दिसतात. तिचं वर्ष त्या दुरुस्तीत गेलं आणि पैसे दुसऱ्या वर्षापासून मिळाले. तर दहावीची मार्कशीट हा पाया धरा, आणि आधार, समग्र, बँक, सगळं त्यातल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवा, ते पण आत्ता, फॉर्म उघडल्यावर नाही. समग्रची ई-केवायसी करून ठेवा. आणि खातं मुलाच्या स्वतःच्या नावाचं, आधारशी डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, जोडलेलं हवं. इथे अजून एक गंमत होते, पैसे त्या खात्यात जातात जे आधारला सगळ्यात शेवटी जोडलंय, मग मुलानं कुठेतरी सिम घेताना अंगठा लावून उघडलेलं खातं असतं, पैसे तिकडे जाऊन पडतात आणि आपण इकडे पासबुक छापत बसतो.

योजना खूप आहेत, सगळ्या सांगत नाही. मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना तर इथल्या प्रत्येक पालकाला माहीत पाहिजे, २०१७ पासून आहे. मध्य प्रदेशचा मूलनिवासी (म्हणजे इथला कायमचा रहिवासी), एमपी बोर्डात ७० टक्के किंवा सीबीएसई-आयसीएसईत ८५ टक्के, घरच्या उत्पन्नाची मर्यादा आहे. इंजिनियरिंगला जेईई मेनमध्ये दीड लाखाच्या आतली रँक लागते, सरकारी कॉलेज असेल तर पूर्ण फी सरकार भरतं आणि प्रायव्हेट असेल तर दीड लाख किंवा प्रत्यक्ष फी, जे कमी असेल ते. मेडिकलची मुलंही यात येतात, त्यांना बाँड लिहून द्यावा लागतो, तो सही करण्याआधी घरी आणून वाचा. मुलींसाठी एआयसीटीईची (टेक्निकल शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) प्रगती शिष्यवृत्ती आहे, टेक्निकल डिग्री-डिप्लोमाला वर्षाला ५०,०००, उत्पन्न ८ लाखांपर्यंत, एका घरातल्या दोन मुलींना. इंजिनियरिंगच्या काउन्सेलिंगमध्ये ट्यूशन फी वेव्हरच्या, म्हणजे ट्यूशन फी माफ असलेल्या, ५ टक्के जादा सीट असतात, त्यालाही मर्यादा ८ लाखांचीच, तो पर्याय भरतानाच टिक करावा लागतो. साधं बीए, बीकॉम, बीएससी करणाऱ्यांनीही नाराज व्हायचं कारण नाही, बोर्डात वरच्या २० टक्क्यांत असाल आणि उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर केंद्राची शिष्यवृत्ती आहे, पहिली तीन वर्षं १२,००० आणि एमएला वगैरे २०,०००. दर वर्षी रिन्यू करावी लागते, ७५ टक्के हजेरी आणि ५० टक्के मार्क हवेत, पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली की मुलं रिन्यू करायचं विसरतात, ते तुम्ही आठवण करा. आणि आपल्या सिमरोलच्या आयआयटीत किंवा कुठल्याही आयआयटीत नंबर लागला आणि आकडा ऐकून छातीत धस्स झालं तर हे लक्षात ठेवा, घरचं उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर ट्यूशन फी पूर्ण माफ, १ ते ५ लाखांत असेल तर दोन तृतीयांश माफ. उत्पन्नाचा आणि मूलनिवासीचा दाखला लोकसेवा केंद्रातून आत्ताच काढून ठेवा.

आता पुण्याचं बोलते, कारण निम्म्या घरांत पुण्याचाच विचार चालू आहे. आत्या-मामा तिकडून सांगतात की महाराष्ट्रात मुलींना फी माफ झाली. झाली आहे, २०२४-२५ पासून, ईडब्ल्यूएस, ओबीसी, एसईबीसीच्या मुलींना ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर, पण ती महाराष्ट्रात डोमिसाइल असलेल्यांना. आपण घरात कितीही मराठी बोललो, गणपती बसवला, तरी कागदावर आपण मध्य प्रदेशचे. बेळगाव-कारवारकडच्या सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी तिकडे वेगळी तरतूद आहे, इंदूर-देवास-बऱ्हाणपूरसाठी नाही. आपला इथला जातीचा दाखला तिकडच्या राज्याच्या आरक्षणाला चालत नाही. तेव्हा पुण्याचा हिशोब पूर्ण फी धरूनच करा, आणि मग पाठवायचं तर खुशाल पाठवा, शहर शिकायला छान आहे. दहावीतल्या मुलांच्या पालकांनी आणखी एक ऐका, एनआयटीत अर्ध्या सीट होम स्टेटला असतात, आणि होम स्टेट म्हणजे मूल बारावी जिथून पास झालं ते राज्य, घर कुठे आहे त्यावर नाही. कोचिंगसाठी मुलाला कोट्याला नेऊन तिथल्याच शाळेतून बारावी दिली की भोपाळच्या मॅनिटमधला, म्हणजे तिथल्या एनआयटीतला, आपला हक्क गेला. हे अकरावीच्या ॲडमिशनच्या वेळी कोणी सांगत नाही.

लोनबद्दल. लोन घेणं कमीपणाचं नाही, उलट रिटायरमेंटचे पैसे मोडण्यापेक्षा बरं. केंद्राची पीएम-विद्यालक्ष्मी योजना आहे, नोव्हेंबर २०२४ ला मंजूर झाली, त्या यादीतल्या संस्थेत प्रवेश मिळाला तर तारण नाही, जामीनदार नाही, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या लोनवर शिकत असतानाच्या व्याजात ३ टक्के सूट. कॉलेज यादीत आहे का ते आधी बघा. शिकत असताना हप्ता नसतो, कोर्स आणि वर एक वर्ष, पण व्याज चालूच असतं, इथे लोक फसतात. समजा वर्षाला दीड लाख असे चार वर्षांत ६ लाख उचलले, व्याज १० टक्के धरा. पहिल्या वर्षी व्याज १५,०००, दुसऱ्या वर्षी ३०,०००, मग ४५,०००, मग ६०,०००, आणि नोकरी शोधायच्या वर्षात आणखी ६०,०००. म्हणजे पहिला हप्ता यायच्या आधीच ६ लाखांचे ८ लाख १० हजार. तेच पहिल्या वर्षी महिन्याला साडेबाराशे, दुसऱ्या वर्षी अडीच हजार असं नुसतं व्याज भरत गेलात तर मुलाच्या डोक्यावर सहाच लाख राहतात. ज्यांना जमेल त्यांनी हे कराच, मी हात जोडून सांगते.

बाहेरगावहून, खंडवा-धारहून जी मुलं इथे भंवरकुआंला येऊन राहतात त्यांच्या पालकांनी खोली स्वतः येऊन बघा. भाड्यापेक्षा लाइटचा रेट विचारा, सबमीटरवर युनिटमागे किती घेतात ते. डिपॉझिट कधी आणि काय कापून परत ते कागदावर घ्या. किरायेदार म्हणून पोलिसांत माहिती दिली का विचारा. टिफिन महिन्याभराचा एकदम बांधू नका, आधी आठवडाभर खाऊन बघू दे. आणि रेल्वे! घर ते कॉलेज या प्रवासाला विद्यार्थ्यांना स्लीपर आणि जनरलमध्ये ५० टक्के सवलत अजून चालू आहे, एससी-एसटीला ७५. कॉलेजकडून सर्टिफिकेट घ्यायचं आणि तिकीट स्टेशनच्या काउंटरवरच काढायचं, ऑनलाइन मिळत नाही, म्हणून मुलं आळस करतात. पुण्याची गाडी सुट्टीत कशी भरते माहीत आहे, तेव्हा आधी काढा.

ज्या सेवांचे पैसे आपण फीत भरतोच त्या तरी मुलांनी वापराव्यात. लायब्ररीत बुक बँक असते, सेमिस्टरभर पुस्तकं मिळतात. ऑटोकॅडसारखी सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना फुकट आहेत, कॉलेजच्या ईमेलनं घ्यायची, लोक चोरीची कॉपी विकत घेऊन लॅपटॉपमध्ये व्हायरस आणतात. सरकारी संस्थांमध्ये जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सब्स्क्रिप्शन या केंद्राच्या योजनेतून हजारो जर्नल उघडी आहेत, एमएससी-पीएचडीच्या मुलांनी रिसर्च पेपरला पैसे द्यायची गरज नाही. रॅगिंग झालं तर १८००-१८०-५५२२, चोवीस तास.

आणि मनाचं. एक मुलगा खिडकीवर येऊन दोन-तीन वेळा नुसता उभा राहून गेला, मग एकदा संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर बोलला की बाबांची नोकरी गेलीय, दुसरा हप्ता भरता येणार नाही, घरी सांगता येत नाही आणि इथेही सांगता येत नाही, परीक्षा फॉर्म अडकलाय. अर्ज लिहून घेतला, हप्ते पाडून मिळाले, त्यात अवघड काहीच नव्हतं. पण तो महिनाभर वर्गात जात नव्हता. तेव्हा घरात पैशाचं काही झालं तर मुलाला सांगा, आणि कॉलेजला लेखी कळवा, स्टुडंट वेल्फेअरचे डीन असतात, त्यांना भेटा. मूल फोनवर सारखं "हो, ठीक" एवढंच म्हणायला लागलं तर उठून भेटायला जा, मार्कांचं विचारू नका, जेवायला घेऊन जा. कॉलेजात काउन्सेलर असेल तर उत्तम, नाहीतर सरकारचा टेली-मानस १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठी-हिंदी दोन्हीत बोलता येतं, पालकही करू शकतात. हा नंबर आत्ता, इथे बसल्या बसल्या फोनमध्ये सेव्ह करा, मी थांबते.

झालं? बरं. येत्या रविवारी सकाळी दहाला इथेच हॉलमध्ये आम्ही काही जण बसतोय, मंडळाचे दोन लॅपटॉप आणि प्रिंटर असेल. दहावी-बारावीच्या मार्कशीट, आधार, समग्र, पासबुक, उत्पन्न आणि मूलनिवासीचा दाखला, ओरिजिनल आणि झेरॉक्स दोन्ही आणा, आणि मुलाला घेऊन या, ओटीपी त्याच्या फोनवर येतो. ज्यांची नावं जुळत नाहीत त्यांनी आधी या, त्यांना वेळ जास्त लागतो.